बेलीफ येईपर्यंत थांबा म्हणे

"घर सोडू नका, बेलीफ येईपर्यंत तिथेच रहा."

इंग्लंडमध्ये भाड्याने राहणाऱ्या माणसाला घरमालकाची नोटीस आली आणि तो घाबरून काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, हाउसिंग ऑफिसात गेला की बऱ्याच ठिकाणी त्याला हे वाक्य ऐकवलं जातं. बेलीफ म्हणजे घर खाली करून घ्यायला कोर्टाने पाठवलेला माणूस. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आपलंच इंग्लिश कमी पडतंय. मी शनिवारी आमच्या इथल्या कम्युनिटी हॉलमधल्या सल्ला केंद्रावर बसते, म्हणजे सल्ला देणारे जाणकार वेगळे, मी आपली मराठी-हिंदी-कोकणीत समजावून सांगायला, आणि गरज पडली तर लोकांसोबत काउन्सिलमध्ये जायला. तर त्या दिवशी समोरची ऑफिसर अगदी गोड आवाजात हे सांगत होती, मी शेजारच्या नवरा-बायकोला सांगायला तोंड उघडलं आणि अडकलेच. बेघर होऊ नये म्हणून मदत मागायला आलेल्या माणसाला "आधी पूर्ण बेघर व्हा मग या" हे आपल्या भाषेत सांगायचं कसं?

ते दोघं गोव्याचे, सासष्टीकडचे. पोर्तुगीज पासपोर्टवर इकडे आलेले. स्विंडन, साउथॉल, लेस्टर या बाजूला अशी गोव्याची माणसं भरपूर आहेत, वेअरहाउसमध्ये, केअर होममध्ये, एअरपोर्टवर राबणारी. हा नवरा रात्रपाळी करणारा, बायको शाळेत डिनर लेडी, म्हणजे मुलांना जेवण वाढणारी, दोन मुलं, भाडं कधी एक दिवस उशिरा नाही. घरमालकाला घर विकायचं होतं म्हणून त्याने कलम २१ ची नोटीस दिली. कलम २१ म्हणजे कारण न सांगता दोन महिन्यांत घर खाली करून मागायची सोय (१ मे २०२६ पर्यंतची), १९८८ च्या हाउसिंग अ‍ॅक्टमधली. मी सावंतवाडीची, त्यामुळे त्यांची कोकणी मला कळते आणि माझी मालवणी त्यांना. बाई एवढंच म्हणाली, "आतां खंय वचप?" आणि मी तिला सांगितलं की ऑफिसर म्हणतेय कुठेच जायचं नाही, बसून रहायचं.

आता गंमत अशी की हा सल्ला कायद्याने खोटा नाही. नोटीस संपली म्हणून भाडेकरूला लगेच घर सोडावं लागत नाही. मालकाने कोर्टात जायचं, पझेशन ऑर्डर, म्हणजे ताब्याचा हुकूम, घ्यायची, तरी माणूस हलला नाही तर वॉरंट काढायचं, मग बेलीफ तारीख देणार आणि त्या दिवशी येऊन कुलूप बदलणार. तोपर्यंत तुमचा राहण्याचा हक्क शाबूत. म्हणून ऑफिसर म्हणते थांबा. पण ती हे सांगत नाही की कोर्टात जायची मालकाची फी, साडेतीनशे-चारशे पाउंड, बहुतेक वेळा जज तुमच्याच डोक्यावर टाकतो. आणि हेही नाही की जो मालक तुम्हाला चांगलं रेफरन्स लेटर देणार होता तो आता तुमच्या नावाने शिव्या घालतोय, आणि इकडे रेफरन्स नसेल तर एजंट दारात उभं करत नाही. म्हणजे थांबलात तर पुढचं घर मिळायची शक्यता मारली, आणि निघालात तर त्याहून भारी, कारण मग हेच काउन्सिल म्हणू शकतं की तुम्ही स्वतःहून घर सोडलंत, तुम्ही "इन्टेन्शनली होमलेस", आमची जबाबदारी संपली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. या देशातला बेघरांचा कायदा वाईट नाही, उलट चांगला आहे, पण बेलीफची वाट बघायला लावायची ही जी पद्धत पडलीय ती त्या कायद्याच्या पोटातच सुरी खुपसते. आणि ती बंद करायची तर नुसतं ऑफिसरला झापून होणार नाही, पैशाची जी उलटी रचना केलीय ती बदलावी लागेल.

कायदा चांगला आहे हे मी उगाच म्हणत नाही. १९७७ च्या हाउसिंग (होमलेस पर्सन्स) अ‍ॅक्टने पहिल्यांदा काउन्सिलवर टाकलं की बेघर माणसाला घर द्यायची जबाबदारी तुमची. पुढे १९९६ चा हाउसिंग अ‍ॅक्ट आला, त्याचा सातवा भाग आजही चालू आहे. आणि मग २०१७ चा होमलेसनेस रिडक्शन अ‍ॅक्ट, जो ३ एप्रिल २०१८ ला लागू झाला. हा कायदा आणला हॅरो ईस्टचे खासदार बॉब ब्लॅकमन यांनी, तेच ज्यांना २०२० मध्ये आपल्या सरकारने पद्मश्री दिली. हे सरकारचं नाही, एका खासदाराचं खाजगी विधेयक, आणि असं विधेयक पास होणं म्हणजे इकडे लॉटरीच, कारण ज्यांना मांडायची संधी मिळते त्यांची नावं खरोखरच चिठ्ठ्या काढून ठरतात. कल्पना वेल्सकडून उचललेली, तिकडे २०१५ पासूनच चालू होती: माणूस रस्त्यावर आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच पकडा. आधी काउन्सिल घर जायला २८ दिवस उरले की तुम्हाला धोक्यात मानायचं, या कायद्याने ते ५६ दिवस केले. म्हणजे आठ आठवडे. या आठ आठवड्यांत काउन्सिलने तुमच्यासोबत बसून पर्सनल हाउसिंग प्लॅन करायचा, मालकाशी बोलायचं, थकबाकी असेल तर मार्ग काढायचा, नवीन घराच्या डिपॉझिटला मदत करायची. आणि हे सगळ्यांसाठी, एकटा धडधाकट पुरुष असला तरी. त्यातूनही घर गेलंच तर पुढचे ५६ दिवस रिलीफ ड्युटी, म्हणजे दुसरं घर मिळवायला मदत, आणि मग पुढे मोठी ड्युटी, म्हणजे घर द्यायचीच, त्याला मात्र अटी आहेत, त्यावर येते.

ब्लॅकमनसाहेबांच्या कायद्यासोबत सरकारने काउन्सिलांसाठी एक मार्गदर्शक संहिता काढली, कोड ऑफ गाइडन्स. त्यात स्वच्छ लिहिलंय की पझेशनच्या ऑर्डरची अंमलबजावणी करायला कोर्ट वॉरंट काढेपर्यंत भाडेकरूने घरात बसून रहावं ही अपेक्षा वाजवी धरू नये. कायद्याने काउन्सिलला ही संहिता विचारात घ्यावीच लागते. पण "विचारात घेणे" आणि "पाळणे" यात किती मैलांचं अंतर असतं ते सरकारी ऑफिसात एकदा तरी चप्पल झिजवलेल्या माणसाला सांगायला नको. ऑफिसर हे वाक्य तोंडी बोलते, लिहून कधीच देत नाही. मी पुढे शिकले, आता मी म्हणते, हेच जरा ईमेलवर पाठवता का. आवाज बदलतो. मग "मी सिनियरना विचारून येते" होतं.

पण त्या सासष्टीच्या जोडप्याच्या वेळी मला हे काहीच माहीत नव्हतं. ते थांबले. कोर्टाची ऑर्डर आली, खर्चासकट. बेलीफांनी तारीख दिली, मंगळवार होता. मुलं शाळेत गेली आणि आई-बापाने काळ्या पिशव्यांमधून सामान बाहेर काढलं, आणि मग ते काउन्सिलमध्ये जाऊन बसले, संध्याकाळी साडेपाचला त्यांना दुसऱ्या गावातल्या हॉटेलातली एक खोली मिळाली. एक खोली, चार माणसं, स्वयंपाकाला किटली. इंग्लंडमध्ये २००४ पासून नियम आहे की मुलं असलेल्या कुटुंबाला अशा हॉटेलात, बी अँड बी मध्ये, ठेवायचं तर दुसरा इलाजच नसेल तेव्हाच, आणि तेही सहा आठवड्यांच्या वर नाही. हे अकरा आठवडे राहिले. मुलं रोज दोन बस बदलून जुन्या शाळेत, बाप रात्रपाळीवरून आला की झोपायचं कुठे, तर मुलं गेल्यावर त्यांच्या पलंगावर.

आता हिशोब बघा, मी साधी घरगुती बाई पण हिशोब कळतो. त्या हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रीचा दर ७५ पाउंड लावलेला होता, काउन्सिलला ६० ला पडली असं धरा. अकरा आठवडे म्हणजे ७७ रात्री, ४६२० पाउंड. तेच नोटीस आली त्या आठवड्यात त्यांना नवीन घराच्या डिपॉझिटला मदत केली असती तर? २०१९ च्या टेनंट फीज अ‍ॅक्टने डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुरतंच ठेवलंय, ११०० पाउंड महिना भाडं धरलं तर पावणेतेराशेच्या आत. तेही उसने, घर सोडताना परत येणारे. साडेचार हजार घालवून माणसं बस बदलत फिरली, तेराशेत घरातच राहिली असती. कोणता शहाणा कारभारी असं करेल?

तर करतो, कारण ते तेराशे आज द्यावे लागतात आणि हॉटेलचं बिल कदाचित येणारच नाही. हा "कदाचित" शब्द महत्त्वाचा. नोटीस आलेल्या दहातले काही लोक घाबरून स्वतःच काहीतरी करतात, कोणी भावाच्या हॉलमध्ये झोपतो, कोणी मित्राच्या बॉक्स रूममध्ये, कोणी दोन कुटुंबं मिळून एक घर घेतात. बेलीफच्या दिवसापर्यंत जो टिकेल तोच खरा गरजू असं एक न बोललेलं गणित तिथे चालू असतं. रांग लांब ठेवा, उन्हात ठेवा, अर्धे आपोआप जातील, रेशन दुकानदाराला हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आणि ऑफिसरही काय करणार म्हणा, तिच्या हातात घरं कुठे आहेत. मार्च २०२५ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये १ लाख ३१ हजारांवर कुटुंबं टेम्पररी अकोमोडेशनमध्ये होती आणि त्यात जवळजवळ १ लाख ६९ हजार मुलं. हे आकडे सरकारचेच. २०२३-२४ मध्ये काउन्सिलांनी यावर २.३ अब्ज पाउंडांच्या आसपास खर्च केला. आणि यातली खरी मेख अशी की टेम्पररी जागेच्या भाड्यापोटी केंद्र सरकार काउन्सिलला जे परत देतं त्याची कमाल मर्यादा अजूनही जानेवारी २०११ च्या दरावर अडकलेली, त्याच्याही ९० टक्के. २०११ चं भाडं! वरचा सगळा फरक काउन्सिलच्या खिशातून, म्हणजे लायब्ररी बंद करून, रस्त्याचे खड्डे तसेच ठेवून. इकडे भाडेकरूला घरभाड्यासाठी मिळणारा लोकल हाउसिंग अलाउन्स २०२० ते २०२४ गोठवला, एप्रिल २०२४ ला एकदा वाढवला आणि परत गोठवला. घर सांभाळायला मदत करणारा पैसा गोठलेला, आणि घर गेल्यावर हॉटेलवाल्याला जाणारा पैसा मात्र वाहतोय.

अजून एक. २०२५-२६ ला सरकारने काउन्सिलला होमलेसनेस प्रिव्हेन्शन ग्रँट दिली, नावातच प्रिव्हेन्शन, म्हणजे प्रतिबंध. त्या वर्षासाठी सरकारला अट घालावी लागली की यातले निदान ४९ टक्के तरी बेघर होण्याआधीच्या मदतीवर, लोकांना सावरण्यावर आणि त्या कामाच्या स्टाफवर खर्च करा. म्हणजे प्रतिबंधाच्या ग्रँटमधला अर्ध्याहून जास्त पैसा हॉटेलांवर गेला तरी चालला असता! छत्रीच्या पैशात सर्दीचं औषध आणायचं आणि वर म्हणायचं पावसाची तयारी केलीय.

मुंबईच्या वाचकांना हे सगळं ऐकून काहीतरी ओळखीचं वाटत असेल. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी काढते, महापालिका तिच्या सी-१, म्हणजे अतिधोकादायक, इमारतींना नोटिसा लावते, घर खाली करा. आणि माणसं हलत नाहीत. बाहेरच्यांना वाटतं वेडे आहेत, जीव जाईल. पण आत राहणाऱ्याला माहीत असतं की एकदा उंबरठा ओलांडला की हक्क कागदावर, आणि संक्रमण शिबिरात गेलेल्या माणसाची पुढची पिढी तिथेच लग्नाला येते. २०१९ ला डोंगरीत, २०२० ला फोर्टमध्ये इमारती कोसळल्या त्या आपण बघितल्या. तिथे यंत्रणा म्हणते बाहेर पडा आणि माणूस भीतीने आत बसतो, इथे माणूस बाहेर पडायला तयार आहे आणि यंत्रणा म्हणते आत बसा. दोन्हीकडे मूळ एकच, "टेम्पररी" या शब्दावर कोणाचाच विश्वास नाही. टेम्पररी अकोमोडेशन म्हणजे इथलं संक्रमण शिबिरच आहे, लंडनमध्ये त्यात वर्षानुवर्षं काढलेली कुटुंबं आहेत.

पण म्हणून "आपल्याकडेही तेच आणि तिकडेही तेच" असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही, ते आळशीपणाचं आहे. फरक आहे आणि मोठा आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांच्या उपजीविकेला जगण्याच्या हक्कात धरलं, फार मोठी गोष्ट, पण त्यांना उठवता येणार नाही असं नाही म्हटलं. पुढे कोर्टाच्याच रेट्याने ठरलं की शहरात दर एक लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईत बेघर मोजले ते ५७ हजारांच्या घरात, आणि सव्वा कोटी वस्तीला सव्वाशे निवारे हवेत, त्याच्या जवळपासही आपण नाही. नोटीस आलेला भाडेकरू दादर-परळच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन म्हणाला की साहेब मला आठ आठवड्यांत घर शोधून द्यायला मदत करा, ती तुमची कायदेशीर ड्युटी आहे, तर चहावाल्यासकट सगळे हसतील. इथे हसत नाहीत. इथे तसं म्हणता येतं, नकार दिला तर २१ दिवसांत रिव्ह्यू, म्हणजे फेरविचार, मागता येतो, त्यातही नाही म्हणाले तर कायद्याच्या मुद्द्यावर काउंटी कोर्टात जाता येतं. म्हणूनच मला याचा जास्त राग येतो. नसलेल्या हक्काबद्दल माणूस हळहळतो, पण असलेला हक्क काउंटरवर गोड बोलून काढून घेतला तर चीड येते.

आता आपल्याच लोकांचं. हा विषय आमच्या ग्रुपवर काढला की हमखास कोणीतरी लिहितं, "आम्ही टॅक्स भरतो आणि हे लोक फुकट घरं लाटतात." लिहिणारा बहुतेक आयटीतला असतो, मॉर्टगेजवाला, म्हणजे कर्जावर स्वतःचं घर घेतलेला. राग नाही येत मला, पंधरा वर्षांपूर्वी मीही असंच बोलले असते. त्याला मी विचारते, बाबा रे, मुलांना घेऊन एका खोलीत अकरा आठवडे किटलीवर नूडल्स करून खायला कोण हौसेने जातं? आणि लाटायचं काय, तर जवळजवळ २० लाख काउन्सिल घरं १९८० पासून राइट टू बायमध्ये, म्हणजे आत राहणाऱ्या भाडेकरूंनाच, विकून झाली, उरलेल्यांची वेटिंग लिस्ट इतकी की गरजेनुसार बँड (गट) मिळाला, रिकाम्या घरासाठी बिडिंग (अर्ज) केलं तरी नंबर लागेपर्यंत मूल प्रायमरीतून सेकंडरीत जातं. लबाड कोणीच नसतं असं मी म्हणत नाही, असतील. पण लबाड माणसाला नियम पाठ असतात, काउंटरवर गळतो तो साधा माणूस, ज्याला ऑफिसर म्हणाली थांबा आणि तो थांबला.

आणि एक गोष्ट या मॉर्टगेजवाल्यांना माहीतच नसते. व्हिसावर आलेल्या आपल्या बहुतेक मुलामुलींच्या कागदावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" असा शिक्का असतो. त्यांना यातली घराची मदत नाहीच. नोकरी गेली, घर गेलं, तरी. तेव्हा टॅक्स भरणारे आणि मदत घेणारे हे दोन वेगळे गट असं जे चित्र रंगवलं जातं त्यात आपली पोरं टॅक्स भरणारी आणि मदत न मिळणारी आहेत. तरी त्यांनीही काउन्सिलचं दार ठोठवावं, कारण फुकट सल्ला द्यायची जबाबदारी काउन्सिलवर हद्दीतल्या प्रत्येक माणसासाठी आहे, व्हिसा कुठलाही असो, आणि घरात मूल असेल तर १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टचं कलम १७ आहे, ते खातं वेगळं, सोशल सर्व्हिसेसचं. पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोव्याच्या लोकांचं त्यातही तिसरंच, सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहायची परवानगी, असेल तर ठीक, पण प्री-सेटल्ड, म्हणजे त्याच्या आधीची तात्पुरती, असेल तर नोकरी चालू आहे का वगैरे दाखवत बसावं लागतं. माझ्या जोडप्याचं नशीब की नवऱ्याच्या सगळ्या पेस्लिप बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेल्या होत्या.

मगाशी मोठ्या ड्युटीच्या अटी म्हटलं होतं. त्यातली एक, "प्रायॉरिटी नीड". पोटात किंवा पदरात मूल असेल, कौटुंबिक हिंसाचारातून पळाला असाल (हे २०२१ पासून आलं), नाहीतर म्हातारपण, आजार, अपंगत्व यामुळे तुम्ही इतरांपेक्षा जास्त असुरक्षित असाल तर. मग इतरांपेक्षा म्हणजे कोणापेक्षा? वर्षानुवर्षं काउन्सिलं म्हणायची की इतर बेघरांपेक्षा, आणि रस्त्यावरचा सरासरी माणूसच इतका खंगलेला की त्याच्यापेक्षा वाईट अवस्था सिद्ध करायला तुम्ही जवळजवळ मरायला टेकलेले हवेत. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे फेटाळलं, म्हणाले तुलना साध्या चारचौघांसारख्या माणसाशी करा, तो बेघर झाला तर त्याच्यापेक्षा तुमचं जास्त नुकसान होईल का हे बघा. बरं झालं, पण परीक्षा तशीच राहिली, दुःखाची गुणपत्रिका. स्कॉटलंडने ती परीक्षाच २०१२ च्या अखेरीस रद्द केली. बेघर आहेस, हेतुपुरस्सर झालेला नाहीस, बस, घराचा हक्क. मला विचाराल तर इंग्लंडने उद्या सकाळी हेच करावं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर स्कॉटलंडमध्येही २०२३ ला एडिनबरा आणि ग्लासगोने आणि २०२४ ला त्यांच्या संसदेने हाउसिंग इमर्जन्सी जाहीर केली. हक्क दिला, घरं बांधली नाहीत पुरेशी. त्यामुळे जे म्हणतात नुसत्या कायद्याने काय होतं, त्यांचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं असं की तिथे निदान काउन्सिलला म्हणता येत नाही की तू धडधाकट आहेस, जा.

तर करायचं काय. कलम २१ रद्द ही चांगली गोष्ट, २०२५ च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टखाली त्याला १ मे २०२६ ही तारीख ठरली (महाराष्ट्र दिन, आपलं आपण समाधान), त्यानंतर मालकाला घर विकायचंय वगैरे कारण सांगावं लागणार आणि त्यासाठी चार महिन्यांची नोटीस. छान. पण कारण सांगून का होईना नोटीस येणारच, कोर्ट तेच, बेलीफ तेच आणि काउंटरवरचं वाक्यही तेच राहणार. उलट चार महिने हातात असताना काउन्सिल ५६ दिवसांवर अडून बसलं तर पहिले दोन महिने फुकट. म्हणून माझ्या मते नोटीस हातात पडली त्या दिवसापासून ड्युटी सुरू झाली पाहिजे. संहितेतलं ते वाक्य कायद्यात यायला हवं, विचारात घ्यायचं नाही, पाळायचं. आणि २०११ चा दर उचलून आजच्या दरावर आणा, पण सोबत अट घाला की वाचलेला पैसा नोटीस आलेल्यांवरच खर्च होईल. यातलं पहिलं-दुसरं फुकट आहे, तिसऱ्याला खजिना लागेल, तो लंडनला आहे आमच्या टाउन हॉलमध्ये नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर नोटीस आलेल्या माणसाला मी एवढंच सांगते की आजच ईमेल करा, भेटायला गेलात तरी आधी ईमेल. त्यात लिहा की मी बेघर होण्याच्या धोक्यात आहे, नोटीस जोडलीय. ठरावीक फॉर्म लागत नाही, काउन्सिलला तसं वाटण्यासारखं कारण दिसलं की चौकशी करावीच लागते. थांबा म्हणाले तर ते लेखी मागा. लांबच्या गावात घर देऊ केलं तर रागाने नाही म्हणू नका, होकार द्या आणि त्याच दिवशी रिव्ह्यू मागा, कारण नाही म्हटलं की ड्युटी संपली असं धरतात. वेस्टमिन्स्टर काउन्सिलने एका आईला पाच मुलांसकट मिल्टन कीन्सजवळ पाठवायचं ठरवलं होतं, तिने नाही म्हटलं म्हणून हात वर केले, ती केस थेट सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१५ ला ती जिंकली, पण सुप्रीम कोर्टापर्यंत जायची ताकद प्रत्येकात नसते.

गेल्या वर्षी नाशिकची एक बाई आली, मुलगा आठ वर्षांचा, नवरा वेगळा राहतो. नोटीस आली त्याच संध्याकाळी आम्ही ईमेल केला, संहितेतला तो परिच्छेद खाली चिकटवून. चौथ्या दिवशी फोन आला, ऑफिसर तीच, गोड आवाजाची. तिने घरमालकाशी बोलून तीन आठवडे वाढवून घेतले, डिपॉझिटला हमी दिली, आणि बाई बेलीफचं तोंड न बघता दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या घरात गेली. म्हणजे येतं त्यांना, सगळं येतं.

म्हणून मी आता आमच्या काउन्सिलला फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनखाली, म्हणजे इथल्या माहितीच्या अधिकाराखाली, तीनच प्रश्न विचारलेत. गेल्या वर्षी नोटीस संपायच्या आत किती जण आले, त्यातल्या किती जणांचा अर्ज त्या आठवड्यात नोंदवला, आणि किती जणांचा अर्ज बेलीफची तारीख पडल्यावर. वीस कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आज सतरावा आहे.